दोनशे चाळीस पावलं

४ फेब्रुवारी

ताई,

पत्राला उशीर झाला म्हणून तू तोंड फुगवून बसली असशील. तेव्हा माफी आधी मागतो, कामाचं मागून सांगतो.

माझी बदली मालवाहू विमानावर झाली आहे. हुद्दा विचारू नकोस, हसशील. इथे सगळे मला ढकल्या म्हणतात. विमानाच्या उघड्या दारात बसायचं आणि धान्याची पोती खाली ढकलायची. माझ्या कमरेला दोर असतो आणि दोराचं दुसरं टोक पैलवानाच्या हातात. पैलवान म्हणजे दुसरा ढकल्या, काडीपैलवान, पण दोर सोडत नाही. वैमानिकाला आम्ही काका म्हणतो. तो चाळीस वर्षांचा आहे आणि इथे चाळीस म्हणजे म्हातारा.

आता खरं सांगतो. आम्ही पोती टाकतो ती आपल्याच गावावर. वेढा पडून सात आठवडे झाले, पूल उडवलाय, रस्ता बंद आहे. आई-आप्पा आतच आहेत. गावातल्या फौजेकडे एक वायरलेस आहे, त्यावरून कळतं की माणशी दिवसाला दोन मुठी धान्य मिळतं आणि तेही फार तर तीन आठवडे पुरेल. हवाई छत्र्या सगळ्या दारूगोळ्याला लागतात, म्हणून पोती तशीच सोडायची. पोत्यावर दुसरं मोठं पोतं चढवलेलं असतं, आतलं फुटलं तरी धान्य बाहेरच्यात राहतं.

पण ती पडतात भलतीकडेच. काका विमान चारशे फुटांवरून नेतात, सेकंदाला दोनशे फूट वेगाने. शाळेचं मैदान बरोबर पायाखाली आलं की मी ढकलतो आणि पोतं जातं गावाच्या पार पलीकडे, त्यांच्या खंदकांत. काल सहातली चार आम्ही शत्रूला जेवायला वाढली. उरलेली दोन मधल्या उघड्या रानात पडली. ती आणायला गावातली माणसं धावली आणि त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. आम्ही वरून बघत होतो.

तू आठवीला हेच शिकवतेस ना? मग सांग, मी कधी ढकलू?

तुझा
धाकटा

९ फेब्रुवारी

धाकट्या,

मैदान पायाखाली आल्यावर ढकलतोस? म्हणजे आठवीत तू खिडकीबाहेर बघत होतास, हे मास्तरांचं म्हणणं खरंच होतं.

नीट वाच. पोतं दारातून सुटलं तरी विमानाचा वेग त्याच्या अंगात असतोच. ते जितका वेळ खाली पडतं तितका वेळ पुढेही धावत असतं. तू लिहितोस की विमान चारशे फुटांवरून जातं आणि सेकंदाला दोनशे फूट कापतं. पडायला किती वेळ? सेकंदांना सेकंदांनीच गुणायचं आणि सोळापट करायची, की पडलेले फूट येतात. पाच पाचा पंचवीस, पंचवीस सोळे चारशे. पाच सेकंद. तेवढ्यात पोतं पुढे जाणार हजार फूट. म्हणजे हजार फूट आधी ढकलायचं. तू हजार फूट उशिरा ढकलत होतास, बाळा.

हजार फूट वरून ओळखायचे कसे, तर एक फळी घे. काठावर एक खिळा ठोक. त्याच्यापासून दहा बोटं पुढे आणि चार बोटं खाली दुसरा. फळी सपाट राहावी म्हणून पाण्याने जवळजवळ भरलेली बाटली तिच्यावर आडवी बांध आणि बुडबुडा मधोमध ठेव. पहिल्या खिळ्यापाशी डोळा. जिथे पोतं पाडायचं ती जागा दुसऱ्या खिळ्यामागे आली की ढकल. हवा थोडं मागे ओढेल, त्याचा हिशोब मला इथे बसून येणार नाही. तळावर वाळूची पोती टाकून बघ आणि खिळा हलव.

आणखी एक. काकांचा काटा चारशे दाखवतो तो कुठून मोजून? तळापासून असेल, तर आपलं गाव तळाहून तीनशे फूट उंचावर आहे. दोन्ही स्टेशनांच्या पाट्यांवर उंची लिहिलेली आहे. काट्यावर सातशे हवेत, तर गावावर चारशे होतील. आकडा मिळाला की आधी तो कुठून मोजलाय ते विचारायचं. आप्पांनी आपल्याला दुसरं शिकवलंय काय!

आईची फार काळजी वाटते. ती स्वतःच्या दोन मुठीतली एक आप्पांच्या ताटात टाकत असणार. लवकर टाक पोती.

ताई

१४ फेब्रुवारी

ताई,

काट्याबद्दल काकांना विचारलं. आधी लाल झाले, मग पांढरे झाले. तळापासूनच मोजत होते. म्हणजे इतके दिवस आम्ही गावावरून शंभर फुटांवर जात होतो आणि गोळ्या एवढ्या का लागतात म्हणून नशिबाला बोल लावत होतो. तुला त्यांनी नमस्कार सांगितलाय.

फळी झाली. खिळा अर्धं बोट खाली घेतला. काल तळावर दहा पोती टाकली, नऊ चुन्याच्या वर्तुळात. पैलवान म्हणाला, तुझ्या बहिणीला इथेच बोलवून घे.

पण गावावर जमत नाही. वेढ्याची जाळपोळ चालू असते, धुराखाली मैदान दिसतच नाही. दिसते ती एकटी पाण्याची टाकी, उंच आहे म्हणून. आम्ही नदीकडून येतो. आधी टाकी, मग सरळ रेषेत मैदानातला झेंड्याचा खांब, मग भिंत, मग आपली मागची आळी. तेव्हा मी असं ठरवलंय की खिळ्यावर टाकी घ्यायची आणि लगेच न ढकलता थोडं थांबायचं. किती थांबायचं ते टाकी ते खांब या अंतरावर आहे. नकाशा इतका जुना, की त्यात शाळाच नाही. वायरलेसवर विचारायची सोय नाही, शत्रूही ऐकतो.

तुला ठाऊक असणार. टाकीखालच्या नळावरून बादली आणताना तू पावलं मोजायचीस आणि आई ओरडायची की रस्त्याने तोंड हलवत येऊ नकोस.

धाकटा

१८ फेब्रुवारी

धाकट्या,

दोनशे चाळीस. झोपेतून उठवून विचारलंस तरी सांगेन. टाकीच्या नळापासून खांबापर्यंत दोनशे चाळीस, खांबापासून भिंतीतल्या फटीपर्यंत नव्वद, फटीपासून आपल्या मागच्या दारापर्यंत तीस. रोज दोन खेपा, चार वर्षं. बादलीचं वजन विसरायला मोजायची आणि एकदाही आकडा चुकला नाही.

पावलांचे फूट करायला आधी पाऊल मोजायला हवं. म्हणून आज शाळेच्या व्हरांड्यात टेप टाकून चालले, शिपाई बघत राहिला. माझं पाऊल बरोबर अडीच फूट. म्हणजे सहाशे फूट. विमानाला तीन सेकंद.

दारात बसून तू घड्याळ बघत बसणार नाहीस, म्हणून बेचा पाढा म्हण. मी इथे घड्याळ लावून म्हणून पाहिला, सावकाश म्हटला तर एका ओळीला एक सेकंद लागतो. बे एकं बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा, आणि ढकल. खांबापुढे भिंतीपर्यंत सव्वादोनशे फूट मोकळं मैदान आहे. एका सेकंदाचा उशीर झाला तरी पोतं मैदानातच पडेल. निर्धास्त ढकल.

आईला तुझं विमान ऐकू येत असेल. त्यात तू आहेस हे तिला माहीत नसेल, नाही का?

ताई

२३ फेब्रुवारी

ताई,

काल केलं! दर घिरटीला एकच पोतं, आणि सहाही वेळा काकांनी विमान दोरीवरून चालल्यासारखं सरळ नेलं. मी ओरडून पाढा म्हणत होतो, पैलवान माझ्या मागून म्हणत होता. सहाच्या सहा पोती आपल्या हद्दीत, एकही त्यांना नाही. वायरलेसवर एकच वाक्य आलं, सगळी मिळाली. काकांनी तळावर उतरल्यावर फळीला सलाम ठोकला.

एक गोष्ट खटकली. धूर थोडा विरला तेव्हा मला पोती खांबापाशी दिसली नाहीत. दूर दिसली, भिंतीच्या आसपास. कदाचित भिंतीपलीकडेही एखादं. एवढ्या वरून नीट कळत नाही. आम्हाला ढकलायला उशीर होतोय का? पैलवानाला म्हटलं, जरा चटपटीत हो. का मी अर्धा सेकंद कमी मोजू? तू सांगशील तसं.

धाकटा

२७ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं पत्र मी शिक्षकांच्या खोलीत मोठ्याने वाचून दाखवलं. मग स्वच्छतागृहात जाऊन रडले. आई-आप्पांच्या पोटात आज काहीतरी गेलं असेल.

घाबरू नकोस. पोतं जमिनीला लागतं तेव्हा त्याचा पुढचा वेग संपलेला नसतो. ते घसरत, गडगडत पुढे जाणारच. तू बघतोस ती थांबल्याची जागा, पडल्याची नाही. पडतंय खांबापाशीच. सपाट मैदान आहे, भिंत अडवेल.

आकडा बदलू नकोस. आकडा बरोबर आहे. हाताच्या अंदाजाने काम करायचं असतं, तर फळी कशाला हवी होती? तीनच सेकंद.

ताई

६ मार्च

ताई,

तू लिहिलंस तसंच दोन तारखेला केलं, काल पुन्हा केलं. काल संध्याकाळी वायरलेस आला. पोती मागच्या आळीत पडली. दोन घरं, तीन माणसं. नावं नाहीत. पुढचं वाक्य असं होतं की पोती टाकताना लोकांनी उघड्यावर थांबू नये, घरात बसावं, असा आमचाच हुकूम आहे, तेव्हा कृपा करून घरांवर टाकू नका.

आज मी दोन मोजले. तुला न विचारता. बे दुणे चारला ढकललं. सगळी खांबाभोवती पडली, एक तर खांबालाच टेकलं. धूर नव्हता, डोळ्यांनी पाहिलं. घसरली ती जेमतेम वीस फूट.

आपल्या आळीत एकूण अकरा घरं आहेत. वरून दोन छपरांना भोकं दिसतात, पण शेवटून कितवी ते दोनदा मोजलं, दोनदा वेगळं आलं.

एक सेकंद कुठून जास्तीचा आला, ताई?

धाकटा

८ मार्च

धाकट्या,

सापडलं.

आज चौथीतल्या एका मुलीला पटांगणात उभं केलं. दहा वर्षांची आहे, चणीने बारीक, मी होते तशीच. तिच्या हातात पाण्याने भरलेली बादली दिली आणि म्हटलं, चाल, पावलं मोज. ती एका बाजूला कलून, पाणी सांडू नये म्हणून जपून जपून चालली. मी मागून टेप धरला. एक फूट आठ इंच.

दोनशे चाळीस पावलं म्हणजे चारशे फूट. दोन सेकंद. आणि खांबापुढे सव्वादोनशे फूट मोकळं मैदान नाहीच, दीडशे आहे. त्यापुढे भिंत आणि भिंतीला लागून आपण.

पाऊल मोजायला हवं हे मला आठवलं. कुणाचं पाऊल हे आठवलं नाही. तुला शंका आली होती, तू विचारलंही होतंस, आणि मी तुला गप्प बसवलं. मला माझ्या आकड्याचा ताठा होता. तू दोनच मोजणार होतास, मी मोजू दिले नाहीत. तीन माणसं माझ्या पत्राने मेली.

ती बादली घेतलेली मुलगी विचारत होती, बाई, माझं बरोबर आलं का. मी तिला हो म्हटलं.

कुठली घरं ते कळव. लगेच कळव.

ताई

२ एप्रिल

ताई,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं मला कळलं नव्हतं. आता कळलंय.

चार दिवसांपूर्वी वेढा उठला. काकांनी दोन दिवसांची रजा काढून दिली. फौजेच्या गाडीतून गावात गेलो. मैदानात अजून गोणपाटाच्या चिंध्या पडल्या आहेत. भिंतीतल्या फटीतून आत गेलो. तुझी तीस, माझी वीस पावलं.

आई नाही. ताई, आई नाही. पाच तारखेची पोती. पलीकडच्या घरात शिंपीणबाई आणि तिचा नवरा, आणि आपल्या घरात आई. आप्पा धान्याच्या रांगेत गेले होते, म्हणून वाचले. स्वयंपाकघरावरचं छप्पर आत आलंय. आप्पांनी ते तसंच ठेवलंय आणि बाहेरच्या खोलीत राहतात. खूप वाळलेत, पण चालतात, बोलतात. मला पाहून म्हणाले, तू होतास होय त्या विमानात. मग म्हणाले, जेवलास का?

तळावर परत येऊन मी त्यांना पत्र टाकलंय. तोंडाने सांगायचा धीर झाला नाही. लिहिलं की ढकलताना माझा हात उशिरा पडायचा. फळीचं, पावलांचं, तुझं काही लिहिलं नाही. तूही लिहू नकोस. मी सैनिक आहे, माझ्या हातून झालं असं मानणं त्यांना सोपं जाईल. त्यांचं आता आपल्यावाचून कोण आहे? तुझ्या हुशारीवर त्यांनी आयुष्यभर मिरवलंय. तेवढं राहू दे त्यांना.

आणि हे पक्कं ध्यानात ठेव की सहा तारखेनंतर अकरा फेऱ्या झाल्या, सगळी पोती मैदानात. गाव त्याच फळीवर जगलं. हे तुझं मन राखायला लिहीत नाही, खरं आहे म्हणून लिहितो.

धाकटा

११ एप्रिल

चि. मोठीस आशीर्वाद.

तुझी तार मिळाली. येते म्हणालीस आणि आली नाहीस. गाड्या अजून सुरळीत नाहीत हे मी जाणतो, म्हणून रागावलो नाही.

तुझ्या आईबद्दल लिहिणं मला जमत नाही. इतकंच सांगतो की तिला रांगेत माझ्याबरोबर यायचं होतं. मीच म्हटलं, वर विमान आहे, तू घरात बस, घरात धोका नाही. त्या पोत्यातलं धान्य आळीतल्या लोकांनी वेचून वाटून घेतलं. माझा वाटा मला दिला. मी तो खाल्ला. आधी नको म्हणालो, दुसऱ्या दिवशी खाल्ला. हे तुला सांगून टाकलं, आता कुणाला सांगणार नाही.

तुला पत्र लिहिण्याचं कारण दुसरं आहे. धाकट्याने कळवलंय की त्याचा हात उशिरा पडायचा. मी मोजणी खात्यात बत्तीस वर्षं साखळी ओढली आहे. पोती जिथे पडली तिथे जमिनीत खड्डे आहेत, पावसाने बुजायच्या आत मी ते मोजले. शंभर फुटी साखळी अजून माझ्यापाशी आहे. दुसरं टोक धरायला पूर्वी तू असायचीस, मग तुझी आई यायची. आता टोक दगडाखाली दाबून ठेवतो आणि एकटाच मोजतो. खांबापासून पहिल्या दिवसाचे खड्डे दोनशे फुटांवर. दुसऱ्या दिवसाचे एकशे नव्वद. तिसऱ्या दिवसाचे, म्हणजे आपलं घर, दोनशे पाच.

हात चुकला तर पोती विखुरतात, एक अलीकडे, एक पलीकडे. तीन दिवस एकसारखा चुकतो तो हात नसतो, तो आकडा असतो. त्याला कुणीतरी चुकीचं अंतर दिलं. टाकी ते खांब मीच पुन्हा मोजलं, चार साखळ्या, चारशे फूट, एक कडीही जास्त नाही. ज्याने कुणी हे न मोजता सांगितलं त्याला मला एकदा भेटायचं आहे. मारणार नाही. शिव्या देणार नाही. त्याला टाकीपाशी उभं करून त्याच्यासमोर साखळी टाकायची आहे, एवढंच.

पोरगं कुणाला तरी पाठीशी घालतंय. तू गणिताची आहेस. तुला याचा उलगडा होत असेल तर कळव.

आप्पा

१५ एप्रिल

तीर्थरूप आप्पा,

गाड्या चालू आहेत. मी दोनदा स्टेशनवर गेले आणि दोनदा परत आले.

धाकटा मला पाठीशी घालतो आहे. अंतर मी सांगितलं. पोतं कधी ढकलायचं हे त्याने मला विचारलं होतं, आणि टाकीपासून खांबापर्यंत किती, तेही. मी सांगितलं, दोनशे चाळीस पावलं. तुम्हाला आठवत असेल, पाणी आणताना मी मोजायची. मोजलेलं बरोबर होतं. पण ती पावलं दहा वर्षांच्या मुलीची, हातात भरलेली बादली असलेली. मी ती आजच्या माझ्या पावलाने गुणली. चारशेचे सहाशे झाले. त्याला शंका आली, त्याने कमी मोजू का म्हणून विचारलं. मी लिहिलं, आकडा बरोबर आहे, बदलू नकोस. ते पत्र त्याच्यापाशी असेल, मागून घ्या. त्याच्या हाताची काही चूक नाही. तो माझं ऐकत होता, एवढंच. ज्या दिवशी ऐकलं नाही, त्या दिवसापासून पोती मैदानात पडली.

तुम्ही आईला घरात बसवलंत ते बरोबर होतं. घरात धोका नव्हता. तो मी आणला.

शिंपीणबाईंच्या मुलालाही मी आजच पत्र टाकलं आहे, हेच सगळं लिहून.

क्षमा मागायला शब्द नाहीत आणि मागायचा हक्कही नाही. तुम्हाला त्या माणसाला टाकीपाशी उभं करायचं आहे. मी शनिवारच्या गाडीने येते. स्टेशनवरून घरी येणार नाही, सरळ टाकीपाशी येईन आणि तिथे थांबेन. तुम्ही साखळी घेऊन या. दगड आणू नका, ते टोक मी धरते.

मोठी